मामामुलखाचं शुद्धिपत्र

रागात काही लिहू नये, असं मी वर्गात मुलांना सांगत आलो. आज तेच करतो आहे. राग ओसरेल म्हणून दोन महिने थांबलो, तो ओसरला नाही. आणि शांत असताना मी काहीच करत नाही, हे माझ्या घरचे कुणालाही सांगतील. मला लिहायची सवय नाही. मागचं पुढं होईल, तेवढं सांभाळून घ्यावं.

हे चतुराबाईंविषयी आहे. त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "माझं काय लिव्हायचं गुरुजी, मुलखाचं लिव्हा." पण त्यांच्याविषयी लिहिलं नाही तर मुलखाविषयीही खोटंच लिहिलं जातं. ते कसं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

चतुराबाई आता सत्तरीच्या आहेत. शिरूर कासारच्या पुढं माळावर आमची वाडी आहे, तिच्या शेवटच्या घरात राहतात. डावा पाय ओढत चालतात. धनगराच्या घरातला जन्म, माहेरी मेंढरं. एकच भाऊ, म्हाळू, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. लग्न आसारामशी झालं आणि मेंढरं सुटून हातात कोयता आला. दिवाळी झाली की आमची निम्मी वाडी ऊस तोडायला कारखान्यावर जाते, उन्हाळा लागताना परत येते. चतुराबाई दहा सीझन गेल्या. अकराव्या सीझनला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरला. खुब्याचं हाड गेलं. हाडवैद्यानं बांधलं, ते वाकडं जुळलं. त्यानंतर त्यांना वाकता येईना, आणि वाकता आलं नाही तर ऊस तोडता येत नाही.

मुकादम आसारामला म्हणाला, "हिला घरी ठिव अन् दुसरी बाई बघ जोडीला."

आसाराम कमी बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, "टोळीत सतरा लेकरं हायेत. दिवसभर उघड्यावर पडत्यात. परवा येक गाडीखाली आलं आसतं. ही बघंल त्यांना. न्हाई म्हणत आसशील तर माझाबी कोयता काढ."

अशा रीतीनं चतुराबाई कोपांवर बसल्या. कोप म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या. आईबाप पहाटे फडात जायचे. कोपांसमोरच्या मोकळ्या जागेत एक पाय लांब करून बसलेली ही बाई आणि तिच्याभोवती सतरा पोरं.

त्याच वर्षी माझी नेमणूक कारखान्यावर ऊसतोडवाल्यांच्या पोरांसाठी असलेल्या साखरशाळेत झाली होती. पत्र्याचं शेड, एक फळा आणि हजेरीत चाळीस नावं. तीन दिवस एकही मूल आलं नाही. चौथ्या दिवशी चिडून मी कोपांकडे गेलो. पोरं तिथंच होती. मी काही बोलायच्या आत चतुराबाई म्हणाल्या, "बसा गुरुजी. पर मधी बोलायचं न्हाई."

मी बसलो. मला कुणी ठामपणे बस म्हटलं की मी बसतो, हा माझा जुना दोष आहे.

आमच्याकडे मानतात की दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. गोष्ट सांगायची ती दिवेलागणीनंतर. चतुराबाईंना ते शक्य नव्हतं. दिवेलागणीला दमलेल्या आया परत यायच्या, पोरं त्यांना चिकटायची. लेकरं सांभाळायची ती दिवसा, तेव्हा गोष्टही दिवसाच सांगावी लागणार. पहिल्याच दिवशी त्यांनी गोष्ट सुरू केली आणि मोहिनी नावाची पाच वर्षांची पोरगी कानांवर हात ठेवून ओरडायला लागली. "नको सांगू. माझा मामा वाट चुकंल." तिला न्यायला मामाच येणार होता. सगळीच पोरं घाबरली, कारण सगळ्यांनाच मामा होते.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तसं काही नसतं ग. चतुराबाई तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "व्हय, चुकतो. पर चुकून कुठं जातो, ठावं हाय का?"

तिथून तो मुलूख सुरू झाला. वाट चुकलेले सगळे मामा जिथं जाऊन पोचतात तो मुलूख. पोरांनी त्याला मामामुलूख म्हणायला सुरुवात केली.

त्या मुलखात दिशा पाच. चार आपल्याच आणि पाचवी घराकडची. पाचवी दिशा मामांना दिसत नाही, ती फक्त भाच्यांना दिसते. म्हणून मामा तिथं थांबून राहतात. उसासारखं उंच गवत आहे. माणूस जवळ गेला की ते आपणहून वाकतं, पाय जाईल एवढी वाट देतं आणि मागं पुन्हा उभं राहतं. त्यावर कोयता उगारला तर कोयत्याची फणी होते. नदी दिवसा वाहते आणि रात्री निजते, कारण तिलाही दमायला होतं. कुत्री बोलतात पण एका दिवसात एकच वाक्य, म्हणून फार विचार करून बोलतात. आणि वेशीवर एक घोंगडीवाला बसलेला असतो. नवा मामा आला की तो घोंगडी अंथरतो, म्हणतो, "बस. पाणी पी. कुणाचा मामा?" भाच्याचं नाव सांगितल्याशिवाय कुणी पुढं जात नाही, आणि नाव सांगितलेल्या कुणाला तो अडवत नाही.

या मुलखाचा एकच मोठा कायदा होता. तिथं माणसं म्हातारी होतात, मरत नाहीत. एकदा एका पोरानं विचारलं, कावून मरत न्हाईत? चतुराबाई म्हणाल्या, "मेला तर भाचा कुणाला हुडकंल बे?"

दुसरा कायदा पट्टा पडायच्या दिवशीचा. पट्टा पडला म्हणजे गाळप बंद झालं, सीझन संपला, आता गावी जायचं. त्या दिवशी प्रत्येक मुलानं जाताना मामामुलखात एक वस्तू ठेवायची. काहीही, पण आधीच्या वस्तूला धक्का लागता कामा नये. एका पोराला आगगाडी ठेवायची होती.

"रूळ कुठून नेणार?" चतुराबाईंनी विचारलं.

"डोंगराच्या पल्याडून."

"पल्याड मोहिनीची हीर हाय. गाडी हिरीत पडंल."

"मग हीर बुजवा."

"आन तिच्यातली कासवं तुझ्या आज्यानं संभाळायची का?"

तो तासभर रुसला. शेवटी त्यानं गाडीचा नुसता आवाज ठेवला. तेव्हापासून मामामुलखात दुपारी लांबून शिट्टी ऐकू येते आणि गाडी येत नाही.

मी साखरशाळा त्या मोकळ्या जागेतच भरवायला लागलो. सकाळी माझा फळा, दुपारी त्यांचा मुलूख. पोरं वाढली, नवी आली, वस्तू शेकड्यांनी झाल्या. चतुराबाईंना अक्षर येत नाही, पण एक वस्तू विसरल्या नाहीत. तरी एके वर्षी म्हणाल्या, "गुरुजी, लिव्हून ठिवा. पोरं मला खोट्यात पाडाया बघत्यात. पर वह्या कुणाला देऊ नगा. ही लेकरांची ठेव हाय, आपली न्हाई."

सात वह्या झाल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मी नकाशाही काढला. कोणती वस्तू कुणाची, कोणत्या सीझनची, सगळं लिहिलं. एका पोराचा मामा खरंच विहिरीत बुडून गेला होता. त्यानं त्याच्यासाठी पोहायला येणारी चप्पल ठेवली होती. अशा वस्तू होत्या त्या.

घोंगडीवाला कोण, हे वह्यांत नाही. ते चतुराबाईंनी मला सातव्या सीझनला सांगितलं, आणि मी ते लिहिलं नाही. त्यांचा मुलगा लखन तीन वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. औषध घेईना. भर दुपारी त्यांनी त्याला गोष्ट सांगत सांगत औषध पाजलं. त्याच दिवशी सकाळी त्यांचा भाऊ म्हाळू मेंढरं घेऊन घाटाखाली गेला होता. दहा दिवसांनी मेंढरं सोबतच्या लोकांबरोबर परत आली. म्हाळू आला नाही. पाण्याला म्हणून गेलता, एवढंच लोक सांगू शकले. पोलिसांत कागद झाला, वर्षं गेली. सगळे म्हणाले, मेला असेल. चतुराबाईंनी भावाचे दिवस घातले नाहीत. मला म्हणाल्या, "गोष्ट मी सांगितली, गुरुजी. वाट मी चुकवली त्याची. मग कुठं गेला ती बघायला नको का?"

हे ऐकून कुणी हसेल. हसावं. मी इतकी वर्षं हसलो नाही.

आता रविराजचं. आमच्या भागातले पुढारी विठ्ठलराव, त्यांचा हा मुलगा. पुण्याला शिकला, तिथं त्याचा स्टुडिओ आहे. मागच्या वर्षी घरी आला, माझ्या पाया पडला, 'सर' म्हणाला. गावात मला सर कुणी म्हणत नाही. म्हणाला, "सर, जगात लोक आपापली विश्वं उभी करतात. नकाशे, राजे, भाषा, हजार वर्षांचा इतिहास. आपल्या मातीत असं काही नाही. आणि मोहिनीताई सांगत होत्या, तुमच्याकडे सात वह्या आहेत."

मी म्हटलं, "चतुराबाईंना विचारायला पाहिजे."

"विचारू की. त्यांचा तर सत्कारच करायचाय. दोन दिवस द्या फक्त, फोटो काढून परत देतो."

मी दिल्या. त्यांना विचारलं नाही. कुणीतरी माझ्याकडं काहीतरी मागायला आलं, यानंच मी फुगलो होतो. त्यांच्या घरापासून माझं घर दोनशे पावलं आहे. दोनशे पावलं मी चाललो नाही.

दहा महिन्यांनी पुस्तक आलं. जाड, चकचकीत, मुखपृष्ठावर तलवार घेतलेला मिशाळ तरुण. 'रणराज: मामामुलखाचा वारस'. विश्वनिर्मिती आणि लेखन, रविराज. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, 'संकलन साहाय्य' म्हणून माझं नाव आणि खाली 'मौखिक माहिती: परिसरातील वृद्ध महिला'. तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या शाळांना प्रती वाटायच्या होत्या.

मोहिनी आता वाडीच्या अंगणवाडीत सेविका आहे. पोरं घरी गेल्यावर दुपारी तिथं चटईवर बसून तिनं ते पुस्तक चतुराबाईंना वाचून दाखवलं. मीही होतो. सुरुवातीला चतुराबाईंना मजा वाटत होती. वाकणाऱ्या गवताचं 'शरणागत अरण्य' झालं होतं. त्या म्हणाल्या, "गवताला लई मोठं नाव दिलं की. गुरांनी खायचं का पाया पडायचं?" बोलणारी कुत्री युद्धात हेर झाली होती. पोहणारी चप्पल नव्हतीच. मोहिनीच्या विहिरीत कासवांऐवजी शस्त्रं निघाली.

"माझी कासवं काढली यानं," मोहिनी म्हणाली. पस्तीस वर्षांची बाई, पण तोंड पाच वर्षांच्या पोरीसारखं झालं होतं.

मग पान दोनशे अकरा आलं. तिनं वाचलं, ते असं. 'विश्वासघातकी द्वारपालाने घोंगडी दूर सारली आणि शत्रूला वाट दिली. रणराजाच्या तलवारीने त्याचे मस्तक वेशीबाहेर उडवले. मामामुलखात त्याच्यासाठी कोणीही रडले नाही.'

चतुराबाई म्हणाल्या, "पुन्यांदा वाच."

मोहिनीनं वाचलं.

"कुणीच रडलं न्हाई, आसं लिव्हलंय?"

"हां."

त्यांनी पायावरचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "त्याचं घर दावा मला."

आम्ही रविराजच्या बंगल्यावर गेलो. तो चांगला वागला. खुर्ची दिली, चहा मागवला. त्यानं हाकलून दिलं असतं तर आज माझा राग एवढा साचला नसता.

"आजी, तुम्ही आलात, मला निरोप धाडायचा होता. रविवारी प्रकाशन आहे, तुम्हाला स्टेजवर बसायचंय."

"ती ऱ्हाऊ दे. येशीवरल्याला कावून मारला?"

"कोण? हां, द्वारपाल." तो हसला. "आजी, तुमच्या वह्यांमध्ये सगळं आहे, पण संघर्ष नाही. सगळे नुसते वाट बघत बसलेत. कथेला संघर्ष लागतो."

"संघर्ष पायजे तर ये की आमच्यासंगं सीझनला. फडात कमी न्हाई."

"तसं नाही हो. वाचकाला धक्का हवा असतो, म्हणून आतलाच कुणीतरी फितूर दाखवायचा. त्याला नाव नव्हतं, भाचा नव्हता, मागचा पुढचा इतिहास नव्हता. रिकामं पात्र होतं ते."

"तिथं कुणी मरत न्हाई. कायदा हाय. वहीत लिव्हलाय का न्हाई ओ गुरुजी?"

लिहिला होता. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईनं. रविराज म्हणाला, "वाचला मी. पण मरणच नसेल तर डाव कशाचा? शेवटी फॅन्टसी आहे, आजी. खरं कुणी मेलं का? एवढं असेल तर दुसऱ्या भागात जिवंत करतो त्याला."

"तुझ्या दावणीचा हाय का त्यो, मारायला आन उठवायला?"

तेव्हा तो माझ्याकडं वळला. "सर, तुम्ही समजावून सांगा त्यांना. तुम्हाला साहित्यातलं कळतं."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. तो रिकामा नाही, म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तसं बघितलं तर कथाच आहे."

मी हे म्हणालो. चतुराबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि उठल्या. चहा तसाच राहिला. परत येताना त्या पुढं चालत होत्या. पाय ओढत चालणारी बाई, पण मला त्यांना गाठता आलं नाही.

रविवारी मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. मी गेलो. पत्रिका घरी आली होती आणि पत्रिका आली की मी जातो. सूत्रसंचालकानं 'परिसरातील ज्येष्ठ कथेकरी आजी' म्हणून तीनदा पुकारा केला. खुर्ची रिकामी राहिली. मग माझं नाव घेतलं. मी स्टेजवर चढलो, शाल घेतली, फोटोला उभा राहिलो. विठ्ठलराव भाषणात म्हणाले की आमच्या घराण्याचं मूळ मामामुलखापर्यंत जातं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या मुलखात एक कोयता चालत नाही, तो तीनशे तलवारींसकट त्यांच्या घराण्यात जमा झाला. मी शाल पांघरून दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

त्या संध्याकाळी ती शाल घरात ठेवायची मला लाज वाटली. चतुराबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवली. त्या तांदूळ निवडत होत्या.

"ही घोंगडी न्हाई," त्या म्हणाल्या. "कशाला आनली?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय व्हतंय? तुमी मास्तर. पोरानं वहीत चूक लिव्हलं तर काय करत व्हता?"

"लाल शाईनं खोडत होतो."

"मग?"

मी म्हटलं, ते छापलेलं आहे, शाळाशाळांत जाणार आहे. पण छापलेल्यातली चूक दुरुस्त करायची एक रीत असते, तिला शुद्धिपत्र म्हणतात. पान, ओळ, काय छापलं आणि काय वाचावं, असा कागद पुस्तकाला जोडतात. हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो. चतुराबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"उद्या सकाळी वही घिऊन या. मोहिनीलाबी बोलवा."

आठ दिवस आम्ही बसलो. मोहिनी एकेक पान वाचायची, चतुराबाई हात वर करायच्या, मी लिहायचो. त्या माझ्यावर अजून चिडलेल्या होत्या, ते दिसत होतं. मी एकदा 'असे वाटते' लिहिलं. त्यांनी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "वाटतं कावून? तुमाला वाटतं का तसं हाय?" मी खोडलं. कासवं परत विहिरीत गेली. चप्पल परत पाण्यावर आली. 'पान त्र्याण्णव: शिट्टी रणशिंगाची असे छापले आहे. ती आगगाडीची आहे.' ज्यांच्या वस्तू होत्या त्यांची नावं प्रत्येक ओळीपुढं लिहिली. असे त्रेचाळीस फरक झाले.

दोनशे अकराव्या पानाशी त्या थांबल्या. मी लिहिलं होतं, 'घोंगडीवाला मेलेला नाही.' मला वाटलं, झालं.

"नाव लिव्हा," त्या म्हणाल्या.

मोहिनी म्हणाली, "त्याला कुठं नाव हाय, काकू?"

"हाय. नाव नव्हतं म्हणून त्याला सापडला मारायला. रिकामा म्हणाला त्यो." त्यांचा आवाज चढला नाही, पण तांदूळ निवडताना हाती आलेला खडा त्यांनी जमिनीवर दाबून धरला होता. "लिव्हा, म्हाळू. लखनचा मामा. आजून वाट चुकलेला हाय."

तीस वर्षं मोहिनी ज्या माणसाच्या घोंगडीवर आपल्या मामाला बसवत आली, तो कोण, हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं पुस्तक उघडलं आणि पुढचं पान वाचायला लागली, पण तिला दोन ओळी धड वाचता येईनात.

शिरूरला झेरॉक्सच्या दुकानात मी कागद काढून आणले. चतुराबाईंनी पिठाची खळ शिजवली. मग आम्ही दोघं काळीपिवळीत बसून एकेक शाळा गाठायला लागलो. बहुतेक ठिकाणी कुणी विचारलं नाही. ग्रंथालयाचं कपाट उघडून द्यायचे. पुस्तक कुणी हातात घेतलेलं नसायचं, वरच्या वेष्टणाची घडी तशीच असायची. तरीही आम्ही चिकटवलं.

लिंबागणेशच्या पुढच्या एका गावात मात्र हेडमास्तरनं अडवलं. त्याला रविराजचा फोन आलेला होता. मलाही आला होता. "सर, हक्क कायद्यानं माझ्याकडे आहेत," असं रविराज म्हणाला होता आणि मी फोन ठेवून दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला.

हेडमास्तर म्हणाला, "शाळेच्या पुस्तकात काही चिकटवता येत नाही. परवानगी कुणाची आहे?"

चतुराबाई खळीचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, बाहेर बघत होत्या. मी काय बोलणार ते त्यांना ठाऊक असावं. तसंच काहीतरी माझ्या तोंडाशी आलंही होतं.

मी म्हणालो, "मी एकतीस वर्षं मास्तर होतो. चूक दुरुस्त करायला मला कुणाची परवानगी लागली नाही. ही चूक छापताना कुणी कुणाची घेतली, ते आधी विचारा. या बाईला कुणी विचारलं? पुस्तकात एक माणूस मारलाय. तो मेलेला नाही. माझ्या वहीतून चोरून नेऊन मारलाय, आणि वही मी दिली. आता काढा पुस्तक."

माझा आवाज एवढा चढतो हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या वर्गातली पोरं दारात आली. हेडमास्तर तरुण होता. त्यानं आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं बघितलं आणि किल्ली पुढं केली. म्हणाला, "माझं नाव मधे येऊ देऊ नका." नाही देत. म्हणून इथंही लिहिलेलं नाही.

मी कागद चिकटवला. खळ पानाबाहेर आली. पाचवीतली एक मुलगी पुढं आली आणि तिनं विचारलं, यात काय आहे. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. ती तिथंच व्हरांड्यात उभी राहून शुद्धिपत्र वाचायला लागली. पुटपुटत वाचत होती.

चतुराबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. "पान दोनशे अकरा, ओळ चार ते एकोणीस. हे घडलेले नाही. वेशीवर बसणाऱ्या माणसाचे नाव म्हाळू. तो लखनचा मामा आहे. त्याने कुणालाही फसवले नाही. तो मेलेला नाही."

भोवती पोरं जमली. मामामुलूख म्हणजे काय, एकानं विचारलं. चतुराबाईंनी पाय लांब केला. दुपारचे दोन वाजले होते. त्यांनी दोन वाक्यं सांगितली असतील, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "आजी, दिवसा गोष्ट नको. मामा वाट चुकतो."

"चुकतो," चतुराबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. म्हाळू हाय की येशीवर."

पोरं खाली बसली. मी डब्याचं झाकण लावायला गेलो, तर त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लावा घट्ट. खळ वाळंल. आजून लई शाळा ऱ्हायल्यात."